सात कागदांवरची एकच प्रस्तावना

मी भित्री बाई आहे. वर्गात माझा आवाज खणखणीत लागतो, दहावीची दांडगी पोरंसुद्धा मला टरकून असतात, त्यामुळे हे कुणाला पटत नाही. पण पोस्टमन सहीचं पाकीट घेऊन आला तरी मी सही करण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव तीनदा वाचते. शाळेच्या शिपायाने "मोठ्या बाईंनी बोलावलंय" एवढं म्हटलं की जिन्याच्या सोळा पायऱ्या चढेपर्यंत मी माझे गेल्या वर्षभरातले सगळे गुन्हे आठवून घेते.

आणि त्या वर्षी माझ्याकडे एक खरोखरीचा गुन्हा होता.

पनवेलच्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर तुम्ही शिक्षक, नाही घेतला तर तुम्ही रस्त्यावरची कुणीही बाई. कायम होण्याची वाट बघत अकरा वर्षं गेली होती. दर जूनमध्ये एका हमीपत्रावर सही करावी लागायची, त्यात एक ओळ असायची की मी शाळेतल्या विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी घेणार नाही. मी दर जूनमध्ये सही करत होते आणि दर जुलैत माझ्या घरी, तलावाजवळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, शाळेतली सहा-सात मुलं संध्याकाळी पाचला येऊन बसत होती. पैसेवाल्यांची पोरं खारघरच्या एसी क्लासला जायची, ज्यांना ते झेपत नव्हतं ती माझ्याकडे. मुलांना पहिल्याच दिवशी ताकीद असायची, "शाळेत कुणी विचारलं तर तुम्ही माझ्याकडे येत नाही. बोललात तर क्लास बंद." मुलं अशा बाबतीत मोठ्या माणसांपेक्षा पक्की असतात. शाळेच्या व्हरांड्यात ती माझ्याकडे ओळखसुद्धा नसल्यासारखी बघत पुढे जायची.

मी गणिताची, पण घरी सगळंच शिकवायचे. निबंधसुद्धा. आणि निबंधाची प्रस्तावना कशी लिहावी याची माझी स्वतःची एक रीत होती, जिचा मला फार गर्व होता. मी ती अंकगणिती श्रेढीवरून काढली होती. श्रेढीत पहिलं पद असतं आणि मग प्रत्येक पावलाला सारखीच भर पडत जाते. एखादी गोष्ट समजावून सांगतानाही तसंच करायचं. पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीचं. मग प्रत्येक वाक्यागणिक त्याला एकच पाऊल पुढे न्यायचं, तेवढंच, उडी मारायला लावायची नाही. मुलं आधी "आजच्या विज्ञानयुगात" असं लिहून सुरुवात करायची. मी त्यावर लाल रेघ मारून विचारायचे, "विज्ञानयुगात आहोत हे सांगायला तू कशाला हवास?"

त्या वर्षी जानेवारीत मोठ्या बाईंनी दहावीसाठी एक नवा उपक्रम काढला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या मराठीच्या. त्यांचं म्हणणं, मुलं गणितं सोडवतात पण त्यातलं दोन ओळी समजावून सांगता येत नाही. तेव्हा वर्गात बसून एक लेख लिहायचा, गणित न आवडणाऱ्या माणसाला अंकगणिती श्रेढी समजावून सांगा. अर्धे गुण नुसत्या प्रस्तावनेला. हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरणार. विषय आठवडाभर आधी सांगितला होता.

मी तर हर्षाने फुगले. श्रेढी आणि प्रस्तावना, दोन्ही माझीच. त्याच संध्याकाळी मी फळ्यावर नमुना लिहून दिला.

"सकाळी सहाला स्टँडवरून पहिली गाडी सुटते. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे आठच्या गाडीपर्यंत आठ गाड्या होतात. आता दहावी गाडी किती वाजता सुटेल, हे स्टँडवर न जाता सांगता येईल का? येईल, कारण जिथे दर वेळी सारखीच भर पडते त्या रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात."

सगळे उतरवून घेत होते. एक मुलगी तेवढी पेन थांबवून बोटं मोजत बसली होती. ही मुलगी कोन गावची. वडील उरणच्या बंदराकडे ट्रेलर चालवायचे, आई घरची थोडी भाजी पिकवून बाजारात आणायची. ही रोज कोनहून मिळेल त्या गाडीने शाळेत यायची आणि शाळा सुटल्यावर माझ्याकडे. हुशार होती पण गोड नव्हती. कुठलीही गोष्ट पटल्याशिवाय लिहायची नाही, आणि पटली नाही तर तोंडावर सांगायची. मला ती आवडायची आणि तिचा रागही यायचा.

"बाई, आठ नाय, नऊ होतात," ती म्हणाली.

"दोन तास. एका तासाला चार. चार दुणे आठ," मी म्हणाले.

"पन सहाची गाडी पन मोजायची ना? ती काय सुटत नाय काय?"

पोरं हसली. मला झोंबलं. "फार शहाणी झालीस. पुढे लिही," मी म्हणाले आणि दुसऱ्या उदाहरणाकडे वळले. पोरं गेल्यावर कुकर लावताना माझ्या लक्षात आलं की नऊच होतात. पहिलंच पद मी मोजलं नव्हतं. ही चूक वर्गात एखाद्या पोराने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. उद्या सांगू म्हटलं. उद्या सांगितलं नाही, परवाही नाही. शिक्षकाला आपली चूक सुधारायला जी एक मिनिटाची हिंमत लागते ती माझ्याकडे कधीच नव्हती.

वर आणखी एक केलं. हा नमुना आहे, तुम्ही तुमची प्रस्तावना करा, असं मी बजावलं होतं, पण आदल्या दिवशी त्यांचे कागद बघितले तर भयंकर होते. एकाने श्रेढीची सुरुवात मानवाच्या उत्क्रांतीपासून केली होती. माझंच धाबं दणाणलं. मी म्हणाले, "नाही जमलं तर मी दिलेलं पाठ करा आणि लिहून मोकळे व्हा." कागद तपासायला माझ्याकडेच येणार अशी माझी समजूत होती. चार शब्द इकडेतिकडे समजून घेतले असते.

कागद गेले मोठ्या बाईंकडे. त्यांनी सगळे स्वतः वाचले.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शिपाई आला. मी सोळा पायऱ्या चढून वर गेले. टेबलावर सात कागद एका रांगेत मांडलेले होते. अक्षरं मी लांबूनच ओळखली आणि माझी पाचावर धारण बसली.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही गणिताच्या, म्हणून तुम्हाला बोलावलं. हे वाचा."

मी वाचायचं नाटक केलं. माझीच वाक्यं, सात वेळा, स्वल्पविरामासकट.

"शब्दन् शब्द एक. सरळसरळ कॉपी आहे. पण गंमत पाहा. सहा जणांनी आठ गाड्या लिहिल्यात, एकीने नऊ. बरोबर काय?"

"नऊ," मी म्हणाले.

"तेच. म्हणजे डोकं त्या मुलीचं. तिने लिहून चिठ्ठी फिरवली, बाकीच्यांनी घाईत उतरवताना चूक केली. एक चुकला, त्याचं बघून पुढचे चुकले. पटतंय?"

पटण्यासारखं होतं. चुकीचं होतं, पण कुणालाही पटलं असतं. माझी चूक सुधारणारी एकटी मुलगी होती, आणि त्या सुधारणेमुळेच ती सापडली होती. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे माझं मलाच ठाऊक नाही. मोठ्या बाईंनी ती हो धरली.

मुलीला बोलावलं. ती आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग टेबलाच्या पायाकडे बघत उभी राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"हो बाई."

"तुला कुणी सांगितलं?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगू नकोस. देवाशपथ खरं लिहिते, त्या क्षणी मला ती मुलगी दिसत नव्हती, मला माझं हमीपत्र दिसत होतं.

"कुनी नाय. माझंच हाय."

"मग बाकीच्यांकडे कसं गेलं?"

"मीच दिला."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्या म्हणाल्या, सोमवारी वडिलांना घेऊन ये. सहा जणांना समज देऊन सोडू, पण चिठ्ठी फिरवणारीला उपक्रमाचे शून्य गुण आणि वर्तणुकीच्या रकान्यात शेरा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सोमवारपर्यंत एक छोटा अहवाल लिहून द्या. काय घडलं ते समजावून सांगणारा. सुरुवात नीट करा, संस्थेकडे जाणार आहे."

जिन्यात ती माझ्या पुढे होती. वळणावर ती थांबली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. तिने हळू आवाजात विचारलं, "बाई, आज क्लास हाय ना?"

मी म्हणाले, "आहे."

ती आली. सातही जण आले. बाकीचे सहा गप्प होते, सुटल्याचा आनंद लपवत होते. मी श्रेढीतल्या पदांची बेरीज घेतली आणि फळ्यावर दोनदा चुकले. कुणी काही बोललं नाही, तीसुद्धा नाही. ती गप्प बसली याचं मला सगळ्यात जास्त भय वाटलं. निघताना चपला घालत ती मैत्रिणीला सांगत होती ते मला ऐकू आलं. "बाबा म्हनलेले, एक तक्रार आली शाळेतून का घरी बसायचं. ताईला नववीतच बसवली." हे ती कुठल्याही तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं बोलत होती.

शनिवारी आणि रविवारी मी अहवाल लिहीत बसले. दुपारी जेवण उरकून टेबलाशी बसायचे आणि दिवेलागणीपर्यंत एक प्रस्तावना पुरी होत नव्हती. पहिली केली ती अशी, "विद्यार्थिजीवनात प्रामाणिकपणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." मी पोरांच्या कागदावर जिथे लाल रेघ मारली असती तिथेच माझं वाक्य बसलं होतं. ते फाडलं. दुसरी, "सदर लेखांमध्ये साम्य आढळून आले असून त्याबाबत निश्चित निष्कर्ष काढणे कठीण आहे." ही छान होती. हिच्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. आढळून आलं होतं. ऐकणाऱ्याला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा, असं मी पोरांना शिकवायचे. मला माहीत असलेल्या गोष्टीपासून दूर कुठून सुरुवात करता येईल, एवढंच मी ते दोन दिवस शोधत होते.

मध्येच स्वतःची समजूतही घालायचे. एका वर्षाचा प्रश्न आहे. शेरा काय, पुढे कोण बघतं. वडील बोलले असतील रागात, खरंच थोडेच बसवतील घरी. आणि मी खरं सांगितलं तर सातही जणांचा क्लास जाईल, मग ऐन परीक्षेत त्यांना कोण बघणार? बघा, मी किती दयाळू. घाबरलेल्या माणसाला सबबी हुडकाव्या लागत नाहीत, त्या आपण होऊन दारात येऊन बसतात. एकदा तर मला त्या मुलीचाच राग आला. नऊ लिहायची काय गरज होती हिला? आठ लिहिलं असतं तर सात जण सारखेच चुकले असते, सगळ्यांना समज मिळाली असती, प्रकरण मिटलं असतं. हा विचार मनात आला तेव्हा मी उठून तोंडावर पाणी मारलं. पण अहवाल तोच ठेवला, "आढळून आले" वाला, आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

सोमवारी मुलीचे वडील माझ्या आधी येऊन बसले होते. रात्रभर गाडी चालवून थेट आले असावेत, डोळे तांबारलेले, पण अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलगी शेजारी उभी. तिने दप्तर आणलं होतं, आणि त्याबरोबर एका पिशवीत शाळेच्या वाचनालयाची दोन पुस्तकं. परत करायला आणलेली. ती पिशवी बघितली आणि मला कळलं. ही मुलगी शाळा सोडायची तयारी करून आली होती.

मोठ्या बाईंनी माझा अहवाल उघडला. एकदा वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "निष्कर्ष काढणे कठीण? शुक्रवारी तर तुम्हाला पटलं होतं. मुलीने स्वतः कबूल केलंय. कठीण काय त्यात?"

मी ततपप करू लागले. वडील मध्येच म्हणाले, "बाई, ती घरी पन हेच बोलते, मीच दिला. आमच्या घरात चोरी कुनी केली नाय आजवर. तुमी शेरा मारा नायतर नका मारू, मी तिला आत्ताच घेऊन जातो." असं म्हणून ते उठले. मुलीने काही न बोलता पिशवी टेबलावर ठेवली आणि पुस्तकं बाहेर काढली.

मला धैर्य आलं नाही. लोक म्हणतात अशा वेळी येतं, पण माझ्याकडे तरी आलं नाही. भीत भीतच मी बोलले, एवढंच.

"ती प्रस्तावना माझी आहे."

"म्हणजे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी लिहिलेली. सातही जण माझ्या घरी शिकवणीला येतात. मी फळ्यावर लिहून दिली, मीच पाठ करा म्हणाले. आठ ही माझी चूक. ती सहा जणांनी तशीच उतरवली. हिने एकटीने विचार करून नऊ केलं. हिने कुणाला काही दिलेलं नाही."

मोठ्या बाईंनी विचारलं, "आणि हमीपत्र?" मी म्हणाले, "सही माझीच आहे." पुढचं सगळं सरळ झालं. त्यांनी मुलीला पुस्तकं परत पिशवीत ठेवायला सांगितलं आणि वर्गावर पाठवलं. तिचं शून्य रद्द होणार होतं, वर्तणुकीचा रकाना कोराच राहणार होता. सातही जणांनी पुढच्या आठवड्यात नवा लेख लिहायचा. मला त्यांनी सांगितलं की आजपासून तासाला जाऊ नका, पत्र घरी येईल. अकरा वर्षं ज्या वाक्याला मी भीत होते ते असं अर्ध्या मिनिटात बोलून झालं, आणि मी अजून खुर्चीतच होते.

बाहेर व्हरांड्यात मुलीचे वडील उभे होते. मुलगी दप्तर सावरत वर्गाकडे चालली होती, ते तिच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं ते आभार मानतील. खोटं कशाला बोलू, मला ते हवे होते. मी सगळं गमावून बसले होते, निदान तेवढं तरी पदरात पडावं असं वाटत होतं.

ते माझ्याकडे वळले. आवाज चढवलेला नव्हता. "बाई, ही शुक्रवारी हितं उभी व्हती तेव्हा तुमी पन हितंच व्हता ना?"

"होते."

"मंग तेव्हा का नाय बोललात?"

काही सजवून सांगण्याइतकी माझ्यात शक्ती उरली नव्हती. मी म्हणाले, "भ्याले होते."

त्यांनी मान हलवली, जणू एवढं त्यांना समजण्यासारखं होतं. मग मुलगी ज्या वर्गात शिरली त्या दाराकडे बघत ते म्हणाले, "ती पन भ्यालीच व्हती, बाई."